काटा अर्धंच सांगतो: बिअरच्या टाकीतला गॅस, तापमान आणि दाब

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एखाद्या बिअर कारखान्यात किंवा शहरातल्या मायक्रोब्रुअरीत नव्याने लागलात की पहिल्याच आठवड्यात हातात लॉगशीट येतं. दर तासाला टाक्यांवरून फिरायचं आणि दोन आकडे लिहायचे: तापमान आणि दाब. आयटीआय किंवा बीएस्सी करून आलेली बहुतेक मुलं हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी समजून लिहीत राहतात. मीही तेच करत होतो, आणि त्यापायी एक टाकीभर बिअर सपक करून बसलो होतो.

मे महिना, रात्रपाळी. संध्याकाळीच लाईट गेली. जनरेटरवर पंप आणि दिवे होते, चिलर (टाक्या थंड ठेवणारं यंत्र) नव्हता. एक हजार लिटरची जुनी टाकी होती, इन्सुलेशन आतून भिजून निकामी झालेलं. त्यात दुसऱ्या दिवशी भरायची तयार बिअर, २ अंशांवर, ०.७६ बार दाबाने. पहाटे पाहतो तर काटा १ बारवर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतोय. गॅस (कार्बन डायऑक्साइड) जास्त झाला असं समजून मी वरचा व्हॉल्व्ह उघडला आणि काटा ०.७६ वर आणला. अर्ध्या तासाने तो पुन्हा चढला. पुन्हा उघडला. असं चार-पाच वेळा केलं आणि लॉगशीटवर अभिमानाने ०.७६ लिहिलं. सकाळी लाईट आली, बिअर परत २ अंशांवर गेली आणि काटा अर्ध्या बारच्या आसपास येऊन बसला. ग्लासात ओतली तर फेस धरेना. पहिल्या पाळीला आलेले मामा (वयाने मोठ्या ऑपरेटरला आमच्याकडे सगळे मामाच म्हणत) एवढंच म्हणाले, "काटा बघितलास. थर्मामीटर बघितला का रे?"

रात्रभरात टाकीत कोणी एक ग्रॅमही गॅस घातला नव्हता. बिअर २ वरून ६ अंशांवर गेली होती, बस. पुढचं सगळं हे का घडलं आणि तुमच्याकडून कसं घडू नये, यासाठी.

गोटी सोडा आठवा

जत्रेतला गोटी सोडा बर्फातून काढून फोडला तर निवांत फसफसतो. तीच बाटली उन्हात तापली असेल तर अर्धा सोडा शर्टावर. बाटलीतला गॅस दोन्ही वेळी सारखाच. थंड पाणी तो धरून ठेवतं, गरम पाणी सोडून द्यायला बघतं.

दुसरी बाजू दाबाची. पाण्यावर गॅसचा दाब जितका जास्त, तितका गॅस पाण्यात जास्त विरघळतो. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये हा नियम मांडला आणि कॉलेजात आपण तो 'हेन्रीचा नियम' म्हणून पाठ केलेला असतो. त्याच्याही आधी, १७६७ च्या सुमारास, जोसेफ प्रीस्टलीने लीड्समधल्या एका बिअरच्या कारखान्यात आंबणाऱ्या हौदावर पाण्याचं भांडं धरून सोडा वॉटर बनवलं होतं. म्हणजे सोडा हा बिअरच्याच घरात जन्मला.

परीक्षेत सुटून जाते ती गोष्ट अशी की हेन्रीच्या नियमातला स्थिरांक तापमानागणिक बदलतो. म्हणून नुसत्या दाबावरून बिअरमध्ये किती गॅस आहे ते कधीच कळत नाही. दाब आणि तापमान एकत्र वाचले तरच कळतं, आणि तेही बिअर आणि वरचा गॅस एकमेकांशी स्थिरावले असतील तरच.

मोजायचं कशात

बिअरमधला गॅस 'व्हॉल्यूम'मध्ये सांगतात. २.५ व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला (शून्य अंश आणि समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला मोजलेला). वजनात एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे साधारण २ ग्रॅम, तेव्हा २.५ व्हॉल्यूम म्हणजे ५ ग्रॅमला जरा कमी. नेहमीच्या लागर जातीच्या बिअरला २.४ ते २.७ लागतात, इंग्रजी पद्धतीच्या एल बिअरला दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि गव्हाच्या बिअरला तीनच्या वर.

दाबाच्या एककांचा गोंधळ पहिल्या दिवशीच मिटवून टाका. जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतं, म्हणून फ्लोअरवर सगळे 'पाऊण किलो', 'दीड किलो' म्हणतात. रेग्युलेटरवर (सिलेंडरमधून येणाऱ्या गॅसचा दाब ठरवणाऱ्या नळावर) बहुतेक वेळा पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, असतं, आणि इंटरनेटवरचे तक्तेही पीएसआय नि फॅरनहाइटमध्येच. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १.०२ किलो. बार आणि किलो एकच धरलं तरी चालून जातं. पीएसआयचा आकडा बार समजून वाचला तर मात्र अनर्थ.

आता हे आकडे वहीत उतरवून घ्या. २.५ व्हॉल्यूम टिकवायला टाकीच्या गेजवर लागणारा दाब:

० अंशांवर ०.५७ बार
२ अंशांवर ०.६९
४ अंशांवर ०.८२
६ अंशांवर ०.९५
१० अंशांवर १.२
१५ अंशांवर १.५५
२० अंशांवर १.९

थंड बाजूला दर अंशामागे साधारण ०.०६ बार वाढतात, एवढं तोंडपाठ असलं तरी रात्रपाळी निभावते. माझ्या त्या रात्रीचा हिशोब यातच आहे. ४ अंश वाढले म्हणजे पाव बार वाढणारच होतं. मी ६ अंशांवर काटा बळजबरीने ०.७६ वर धरला आणि बिअर २.५ वरून २.२ व्हॉल्यूमपर्यंत खाली आणली.

वहीतल्या तक्त्यात ०.६९ आणि माझ्या टाकीवर ०.७६ का, हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांना मानलं. हे तक्ते समुद्रसपाटीसाठी असतात. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा ०.०६ ते ०.०७ बारने कमी असतो. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं, बिअरला मात्र एकूण दाब कळतो. म्हणून इथे तक्त्यातल्या आकड्यात ०.०७ बार, म्हणजे सुमारे १ पीएसआय, मिळवायचे. नांदेड बरंच खाली आहे, तिथे निम्म्याच्या जरा वर मिळवले की पुरतं. हा फरक किरकोळ वाटतो, पण तो विसरलात तर प्रत्येक टाकीतली बिअर थोडी थोडी सपक निघते आणि कारण कोणाला सापडत नाही.

पहिली पायरी: आधी थंड, मग गॅस

आंबवण संपलेली बिअर अगदीच रिकामी नसते. १२ अंशांवर उघड्या दाबाने (टाकी बंद न करता) आंबली असेल तर तिच्यात १.१ व्हॉल्यूम आधीच असतात, २० अंशांवर आंबली असेल तर ०.८५ च्या आसपास. इथे तापमान धरायचं ते आंबवणीच्या शेवटी गाठलेलं सर्वांत जास्त. नंतर थंड केल्याने हवेतून गॅस येत नाही. ही चूक हुशार मुलंही करतात: टाकी आज २ अंशांवर आहे म्हणून २ अंशांचा आकडा धरतात आणि मग गॅस कमी का पडला म्हणून विचार करत बसतात.

बिअर ० ते २ अंशांवर येईपर्यंत गॅसच्या नळाला हात लावू नका. घाई करून ८ अंशांवर सुरू केलं तर तेवढाच गॅस विरघळवायला दाब दीडपट लागतो, आणि लहान टाक्या बहुधा १ बारच्याच असतात. टाकीच्या नेमप्लेटवर किती दाबापर्यंत चालते ते लिहिलेलं असतं. ती प्लेट वाचल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, सुपरवायझर कितीही घाईत असला तरी.

आता तापमानाबद्दल. पॅनेलवर २.० दिसतं म्हणजे सगळी बिअर २ अंशांवर आहे असं नाही. सेन्सर एका जागी असतो, बिअर तीन मीटर उभी. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतं, हे शाळेत शिकलो. बिअरचं तेच साधारण अडीच-तीन अंशांना होतं. त्यामुळे जास्त तापमानावरून थंड होत येताना गार झालेली बिअर जॅकेटच्या (टाकीभोवतीच्या थंड आवरणाच्या) भिंतीलगत खाली जाते आणि टाकी आपोआप ढवळली जाते. अडीचच्या खाली गेलं की प्रवाह उलटा फिरतो. आता सर्वांत गार बिअर हलकी, ती वर सरकते, आणि तळाला तुलनेने कोमट थर अडकून पडतो. तळाशी जॅकेट नसेल तर सेन्सर ०.५ दाखवत असताना खालच्या कॉकमधून ३ अंशांची बिअर निघू शकते. म्हणून सॅम्पल कॉकमधून ग्लासभर बिअर सोडून द्या, मग दुसऱ्या ग्लासात थर्मामीटर बुडवून बघा. पॅनेल आणि ग्लास यांत एका अंशाहून जास्त फरक असेल तर अजून थांबा. गॅस सोडायला लागल्यावर बुडबुडे ढवळतातच, पण हिशोब खऱ्या तापमानाचा हवा.

दुसरी पायरी: दगड

लहान टाक्यांत गॅस स्टेनलेस स्टीलच्या सच्छिद्र नळीतून सोडतात. तिला 'कार्बोनेशन स्टोन' म्हणतात, फ्लोअरवर नुसतं 'स्टोन'. तिची छिद्रं एक-दोन मायक्रॉनच्या घरातली. ओल्या छिद्रांतून गॅस बाहेर ढकलायलाच थोडा दाब खर्च होतो. तो मोजायचा सोपा मार्ग असा: टाकीत बसवण्याआधी स्टोन स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवा, दाब हळूहळू वाढवा आणि सगळ्या अंगातून सारखे बारीक बुडबुडे यायला लागले की आकडा लिहून ठेवा. समजा ०.३ बार निघाला.

त्यात बिअरच्या उंचीचा दाब मिळवा. एक मीटर उंचीला ०.१ बार. स्टोनच्या वर २ मीटर बिअर असेल तर ०.२. आणि बिअरच्या वरच्या पोकळीत शेवटी लागणारा दाब, आपल्याकडे २ अंशांवर २.५ व्हॉल्यूमसाठी ०.७६. तिन्हींची बेरीज १.२६ बार. रेग्युलेटर शेवटी या आकड्यावर आला पाहिजे.

यातली गंमत बघा. रेग्युलेटर १.२६ वर ठेवून तुम्ही झोपलात तरी टाकीची पोकळी ०.७६ वर पोचली की स्टोनमधून गॅस निघणं आपोआप बंद होतं, कारण उरलेला अर्धा बार बिअरच्या उंचीत आणि छिद्रांत खर्ची पडतो. नीट केलेला हिशोब स्वतःच राखण करतो. पण स्टोनला तडा गेला असेल किंवा त्याचं गॅस्केट नीट बसलं नसेल तर छिद्रांचे ०.३ बार खर्च होतच नाहीत, आणि पोकळी १.०६ वर जाऊन सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. तेव्हा झोपू नका.

सुरुवात मात्र १.२६ ने करायची नाही. गॅस जेमतेम निघायला लागेल तिथून सुरू करा आणि तासाला ०.१ बारच्या अंदाजाने चढवत न्या. एकदम सोडला की मोठे बुडबुडे बिअरला न जुमानता वर येतात, पोकळी भरते, काटा झपाट्याने चढतो आणि बिअर खाली तशीच सपक राहते. वर फेस चढला तर तो गॅसच्या लाइनीत शिरतो, आणि फेस देणारी प्रथिनं एकदा तिथे खर्ची पडली की ग्लासात तेवढी कमी.

एक हजार लिटरला १.१ वरून २.५ वर न्यायला पावणेतीन किलोच्या आसपास गॅस बिअरमध्ये जायला हवा. त्याच टाकीच्या १०० लिटरच्या पोकळीत पूर्ण दाबाला जेमतेम पाव किलोहून थोडा जास्त, म्हणजे ३३० ग्रॅमच मावतो. काटा फक्त त्या ३३० ग्रॅमची बातमी देतो. उरलेल्याची बातमी थांबून घ्यावी लागते.

तिसरी पायरी: नळ बंद करा आणि थांबा

गॅस बंद करा. पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघा. काटा खाली येत असेल तर बिअर अजून गॅस पिते आहे, म्हणजे तुमचा आकडा खोटा होता. परत सोडा, परत थांबा. तापमान स्थिर असताना काटा जागचा हलेना, की मग टाकीचा दाब आणि तापमान तक्त्यात बघायला अर्थ आहे. त्याआधी तक्ता उघडूच नका.

काटा थांबल्यावर प्रयोगशाळेच्या यंत्राने खात्री करायची. नमुना बंद भांड्यात घेऊन जोरात हलवतात आणि दाब नि तापमान एकदम वाचतात. तत्त्व तेच, फक्त हलवल्याने स्थिरावणं काही सेकंदांत होतं. नमुना घेताना भांडं आधी बिअरनेच थंड करून घ्या. तापलेल्या खोलीतलं भांडं थेट वापरलं तर यंत्रही माझ्यासारखंच फसेल.

मोठ्या कारखान्यांत बराचसा गॅस यीस्टकडूनच मिळवतात. आंबवण संपायला प्लेटोचा (बिअरमधली साखर मोजायच्या मापाचा) एक अंश उरला असताना टाकी बंद करून व्हॉल्व्हने दाब धरतात. एका अंशात लिटरमागे ४ ग्रॅमच्या आसपास गॅस निघतो, म्हणजे जवळजवळ २ व्हॉल्यूम. इथेही तापमान सुटत नाही: १२ अंशांवर २.५ व्हॉल्यूम धरायचे तर व्हॉल्व्ह १.४ बारवर लावावा लागतो, आणि ते टाकीला झेपायला हवं.

गव्हाच्या बिअरबद्दल एक सावधगिरी. ३.३ व्हॉल्यूम २ अंशांवर धरायला इथल्या उंचीवर १.३ बार लागतात. १ बारच्या टाकीत ते होणे नाही. बिअर शून्यावर नेऊन ३ व्हॉल्यूमवर समाधान माना, तिथे ०.९६ म्हणजे काठावर बसता, पण बसता. सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून जागा करू बघणाऱ्याच्या हाताखाली काम करू नका.

काटा हलला तर काय समजायचं

काटा चढला आणि तापमानही चढलं: गॅस जास्त झालेला नाही, चिलर किंवा ग्लायकॉलकडे (जॅकेटमधून फिरणाऱ्या थंड द्रवाकडे) धावा. दाब मर्यादेला भिडत असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हला त्याचं काम करू द्या, सुपरवायझरला उठवा, आणि किती सोडला ते लिहून ठेवा, कारण तेवढा नंतर परत द्यायचा आहे.

काटा उतरला आणि तापमानही उतरलं: गळती शोधू नका आणि गॅस तर मुळीच वाढवू नका. माझी चूक उलटी करणारेही भेटतात. थंड होणाऱ्या टाकीत काटा जुन्या आकड्यावर धरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी भरणीच्या मशीनवर बाटल्यांतून कारंजी उडतात.

तापमान स्थिर आणि काटा उतरतोय: आता साबणाचं पाणी घ्या आणि क्लॅम्प, गॅस्केट, मॅनहोलची रबर तपासा. तापमान स्थिर, काटा चढतोय: रेग्युलेटर गळतोय किंवा यीस्टने पुन्हा काम काढलंय. दुसरं असेल तर लॅबला सांगा.

खरोखरच जास्त झालेला गॅस काढायचा तर वरून थोडा थोडा सोडत एक-दोन दिवस लावा. भरणीच्या वेळी उलट काळजी: टाकी रिकामी होत असताना वरून गॅस देत दाब राखायचा, नाहीतर बिअर पाइपातच गॅस सोडते. आणि मे महिन्यात चाळीसच्या पुढच्या शेडमधून जाणारा उघडा पाइप म्हणजे पहिल्या काही क्रेट फेसाच्या, हे गृहीत धरा.

सिलेंडर आणि ऊन

आपल्याकडचा खास प्रश्न हा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही. मराठवाड्यात मार्च ते जून सावलीतही पारा त्याच्या वर असतो. त्यामुळे उन्हातल्या सिलेंडरच्या गेजवरून किती गॅस उरला ते समजत नाही, आणि भरलेल्या सिलेंडरचा दाब धोकादायक चढतो. तशी थंडीतही त्या गेजवरून शिल्लक कळत नाहीच. द्रव असेपर्यंत काटा हलत नाही आणि द्रव संपला की धडाधड पडतो. सिलेंडर सावलीत, उभा, साखळीने बांधून ठेवा. शिल्लक वजनकाट्यावर बघा.

टाकी धुताना आणि आत उतरताना

बिअर संपल्यावर टाकी गॅसने भरलेली असते. त्यात थेट कॉस्टिक (धुण्याचा कॉस्टिक सोडा) सोडलं तर ते कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकतं, आत निर्वात तयार होतं आणि टाकी पिचलेल्या डब्यासारखी आत बसते. गरम धुण्यानंतर लगेच थंड पाणी मारलं तरी तेच. आधी पंख्याने गॅस काढा आणि व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चिकटलेला नाही ना ते हाताने हलवून बघा.

गावाकडे जुन्या विहिरीत उतरताना आधी कंदील सोडतात. ती सवय टाकीला लावू नका. हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असला तरी कंदील जळत राहतो, आणि चार टक्के माणसाच्या जिवाला धोका मानतात. हा गॅस हवेच्या दीडपट जड, तळाशी साचतो, वास नाही. मीटरने तळापर्यंत मोजल्याशिवाय, परमिट आणि बाहेर दोरी धरून उभा माणूस असल्याशिवाय मॅनहोलमधून डोकंसुद्धा आत घालायचं नाही. आत कोणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नका. अलार्म द्या, आत ताजी हवा सोडा, श्वासाचं उपकरण लावलेल्या माणसालाच आत पाठवा.